मंगळावरचं छप्पर: दोन-तीन मीटर मातीचा हिशेब

१९७२ च्या एप्रिलमध्ये अपोलो १६ परतलं, डिसेंबरमध्ये अपोलो १७ निघालं. मधल्या ऑगस्टमध्ये सूर्यावरून प्रोटॉनचा इतका तीव्र मारा झाला की चंद्रावर तेव्हा कोणी नुसत्या अंतराळपोशाखात असतं, तर किरणोत्साराने गंभीर आजारी पडलं असतं. पृथ्वीबाहेर माणसांसाठी बांधायच्या निवाऱ्याची चर्चा आजही याच सौर वादळापासून सुरू होते. मात्र मंगळावर छपराची जाडी सौर वादळं ठरवत नाहीत. ती काही तासांची किंवा दिवसांची असतात, आणि दर चौरस सेंटिमीटरमागे २० ग्रॅम आवरण त्यातलं बरंचसं अडवतं. मंगळाची विरळ हवाच जवळपास तेवढी भरते.

खरी अडचण वैश्विक किरणांची, म्हणजे सूर्यमालेबाहेरून येणाऱ्या वेगवान कणांची. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस यांनी बलूनमधून शोधलेले हे किरण रात्रंदिवस येतात आणि त्यांची ऊर्जा प्रचंड असते. नासाच्या क्युरिऑसिटी या मंगळावरच्या फिरत्या गाडीवरच्या उपकरणाने प्रवासात रोज सुमारे १.८ आणि मंगळाच्या पृष्ठभागावर सुमारे ०.६७ मिलिसिव्हर्ट (शरीरावर होणाऱ्या किरणोत्साराच्या परिणामाचं एकक) मात्रा मोजली. सहा-सहा महिन्यांच्या जाण्यायेण्यातच साधारण ६५० मिलिसिव्हर्ट होतात. नासाची मर्यादा अख्ख्या कारकिर्दीसाठी ६०० आहे. म्हणजे मुक्कामात भर पडू देण्याइतकी जागाच उरत नाही.

सुरुवातीची भिस्त अ‍ॅल्युमिनियमवर होती, कारण यानं त्याचीच बनत. पण वेगवान कण धातूच्या अणुकेंद्रावर आदळला की ते फुटतं आणि न्यूट्रॉनसह नवे कण उडतात. मातीतही तेच होतं. म्हणून अर्धा मीटर मातीच्या पिशव्या रचून निर्धास्त होणं ही सर्वांत घातक चूक. वरच्या काही डेसिमीटरमध्ये मात्रा फारशी उतरत नाही. खरी घट त्याखाली सुरू होते, आणि दोन-तीन मीटरचा आकडा येतो तो त्यामुळे. न्यूट्रॉनला रोखायला हायड्रोजन उत्तम, कारण त्याचं अणुकेंद्र न्यूट्रॉनच्याच वजनाचं असल्याने टकरीत न्यूट्रॉनची ऊर्जा झपाट्याने जाते. पाणी आणि पॉलिएथिलीन याचसाठी वापरतात. २०१५ मध्ये नासाच्या स्पर्धेत बर्फाच्या घराचा आराखडा पहिला आला. मात्र मंगळावरच्या कमी दाबात उघडा बर्फ वाफ होऊन उडतो, म्हणून तो पडद्यात बंद ठेवावा लागतो. शिवाय मीटरभर बर्फ म्हणजे चौरस सेंटिमीटरला ९२ ग्रॅम, तर तेवढीच माती सुमारे १५० ग्रॅम.

मातीचं छप्पर घातलं की दाबाचा प्रश्न येतो. आत पृथ्वीइतका दाब ठेवला तर तो दर चौरस मीटरला दहा टनांच्या जोराने बाहेर ढकलतो. मंगळाच्या, पृथ्वीच्या ०.३८ पट गुरुत्वात तीन मीटर मातीचा भार मात्र जेमतेम १.७ टन. नुसत्या मातीने दाब पेलायचा तर जवळपास १८ मीटर थर हवा! तेव्हा ताण मातीखालच्या घराच्या कवचानेच घ्यायचा. पण गळती होऊन दाब गेला, तर तेच कवच मातीखाली चेपता कामा नये. या दोन्ही परिस्थिती तपासल्याशिवाय आराखडा पुरा होत नाही. पाच मीटर व्यासाच्या, दहा मीटर लांब, अर्ध्या पुरलेल्या नळकांड्यावर अडीच मीटर थर द्यायला सुमारे ३०० घनमीटर, म्हणजे ४५० टन माती लागते. टोकं आणि उतार वेगळेच.

खणण्याऐवजी लाव्हाच्या नळ्या, म्हणजे लाव्हा वाहून गेल्यावर उरलेले भूमिगत बोगदे वापराव्यात, हा विचार २००७ मध्ये मंगळावरच्या आर्सिया मॉन्स या ज्वालामुखीवर दिसलेल्या सात विवरांनी पुढे आला. छप्पर आयतं मिळतं, पण कड्यांची माती ढासळू शकते आणि सगळं सामान दोरांनी खाली उतरवावं लागतं.

दार कुठेही काढा, मार्ग सरळ ठेवू नये. दाराच्या रेषेत मातीचा आडोसा नसतो, त्यामुळे कण थेट आत येतात. बोगद्याला काटकोनी वळण दिलं आणि झोपायची जागा वळणापलीकडे, सर्वांत जाड थराखाली ठेवली, तर ही गळती बरीच कमी होते.