खानदेशातील ग्रामीण स्वयंसेवी अग्निशमन

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या खेड्यांत आगीशी सामना करण्यासाठी गावकऱ्यांनी विनावेतन उभी केलेली सामूहिक व्यवस्था. स्वतंत्र दल म्हणून ती फारशी वाढली नाही. गावातील दुसऱ्या एखाद्या संस्थेच्या आधाराने ती चालत आली आणि हे आधार बदलत गेले, हाच तिचा इतिहास होय.

वतनदारीच्या काळात रात्रीची राखण करणारा जागल्या आगीची पहिली हाकाटी देई. लाकडी कड्यांवर माती पसरलेली धाब्याची घरे शाकारलेल्या छपरांइतकी झटकन पेटत नाहीत. खरा धोका खळ्यात, कडब्याच्या गंजीला आणि पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) ढिगाला असे. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेलेल्या असत, त्यामुळे पाण्यापेक्षा माती, ओली गोणपाटे आणि पेटलेली गंजी मोडून उरलेली वेगळी काढणे यांवरच भर असे. कापसाची आग त्याहून फसवी, कारण वरून विझलेला ढीग आत धुमसत राहतो आणि तो उपसून पसरल्याखेरीज पाणी आत पोहोचत नाही.

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात होमगार्ड संघटना स्थापन झाली आणि आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांना गणवेश व कवायत मिळाली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्राम वतने, म्हणजे जागल्यासारख्या गावकामगारांची वंशपरंपरागत पदे, रद्द झाली, तर १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद नव्याने बांधले. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमानुसार आग विझवणे हे नगरपरिषदांचे बंधनकारक कर्तव्य ठरले. परिणामी बंब शहरात राहिला आणि तो येईपर्यंतचा निर्णायक वेळ गावाच्या वाट्याला आला.

हा वेळ आज ट्रॅक्टरला जोडलेला पाण्याचा टँकर, पिकांवरील फवारणीचे पंप आणि डिझेल इंजिन यांवर निभावला जातो. विजेच्या तारांमुळे आग लागली असल्यास प्रथम वायरमनकडून पुरवठा बंद करून घ्यावा लागतो. पण त्याच क्षणी विहिरीवरची मोटारही थांबते, म्हणून जुने डिझेल इंजिन मोडीत न काढणारे शेतकरी अशा वेळी गावाच्या उपयोगी पडतात.

सातपुड्यात आणि साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात या व्यवस्थेचे रूप वेगळे आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने वनहक्क असलेल्यांवर वणवा विझवण्यास साहाय्य करण्याचे बंधन घातले होते. १९९० नंतरच्या संयुक्त वनव्यवस्थापनाने, म्हणजे वनविभाग व गाव यांनी मिळून जंगल सांभाळण्याच्या पद्धतीने, त्याच कामात गावाला समितीचे स्थान दिले. साक्री तालुक्यातील बारीपाडा येथे चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी स्वतः राखलेले जंगल हे या भागातील सर्वांत परिचित उदाहरण आहे. उन्हाळ्यापूर्वी पालापाचोळा काढून जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) आखणे आणि वणवा लागल्यास ओल्या डहाळ्यांनी झोडपून तो विझवणे, ही येथील मुख्य तंत्रे होत. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळण्याची रीत हे वणव्याचे एक नेहमीचे कारण असल्याने, पाला न पेटवता झाडून बाजूला करणे हाही अग्निशमनाचाच भाग ठरतो.