बँकेतलं एआय नेमकं कुठल्या मंडळानं बघायचं? थोडी पार्श्वभूमी

सहकाराचा जुना इतिहास आपल्याकडं सगळ्यांना पाठ आहे, 1905 ला गदगजवळ कणगिनहाळमध्ये पहिली संस्था निघाली वगैरे, ते सोडून देतो. एवढंच ध्यानात ठेवा की 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, म्हणून इथल्या जुन्या संस्था मुंबईच्या 1925 च्या कायद्याखाली चालायच्या, मग कर्नाटकचा 1959 चा कायदा आला, नंतर सहकारी संस्थांना जास्त मोकळीक देणारा 1997 चा सौहार्द कायदा, आणि सीमेच्या अल्याड-पल्याड दोन्हीकडं शाखा पाहिजेत म्हणून काहींनी मल्टिस्टेट, म्हणजे केंद्राच्या कायद्याखालची संस्था, करून घेतलं. एकाच गल्लीत तीन पाट्या, तिघांचे साहेब वेगळे.

कर्ज कुणाला द्यायचं हे तेव्हा पिग्मीवाल्याला, म्हणजे रोजची बचत गोळा करणाऱ्या एजंटला, विचारायचे. रोज दुकानात जाणारा तो, कुणाचा गल्ला बसलाय ते त्याला आधी कळायचं. त्यात वशिला, भाऊबंदकी होतीच, नाही असं नाही. पण नाही म्हटलं तर चेअरमनच्या घरी जाऊन भांडता यायचं.

आता मूळ भानगड. अर्बन, म्हणजे नागरी सहकारी, बँकांवर 1966 पासून दोन मालक, बँकिंग रिझर्व्ह बँक या नियामकाकडं आणि बाकीचं सहकार खात्याच्या निबंधकाकडं. निवडून आलेले संचालक बँकिंगमधले जाणकार नसतात ही तक्रार जुनी, 2011 च्या एका समितीनं मालकी आणि कारभार वेगळा करा असं सुचवलं होतं, त्यावर आठ वर्षं चर्चा चालली आणि 31 डिसेंबर 2019 ला रिझर्व्ह बँकेचं सर्क्युलर आलं की 100 कोटी किंवा जास्त ठेवी असलेल्या बँकेनं संचालक मंडळाशिवाय एक व्यवस्थापन मंडळ नेमायचं. किमान 5, जास्तीत जास्त 12 माणसं, अकाउंट्स, कायदा, शेती, आयटी असलं काहीतरी येणारी. सीईओ त्यात बसणार पण मत नाही. मराठीत दोन्हीला आपण 'मंडळ'च म्हणतो आणि घोळ तिथंच होतो, वार्षिक सभेत 'मंडळानं ठरवलं' म्हटलं की कुठल्या मंडळानं ते कुणी विचारत नाही.

त्या सर्क्युलरमध्ये नव्या मंडळाच्या कामांची यादी आहे, कर्जाच्या प्रस्तावांवर सल्ला, वसुली, गुंतवणूक, ऑडिट, आणि मध्येच एक कलम, कॉम्प्युटरायझेशन आणि तंत्रज्ञान वापरण्यावर देखरेख. म्हणजे मशीन बघायचं नेमलेल्यांनी. पण एकूण नियंत्रण आणि जबाबदारी निवडून आलेल्यांकडंच ठेवली. संचालक तेव्हा चिडले होते, सभासदांनी निवडून द्यायचं आम्हाला आणि कारभार करणार नेमलेले? माझं मत विचाराल तर चिडण्यात थोडं तथ्य होतं, पण निम्मी चीड अधिकार जाण्याची होती, कारण सॉफ्टवेअरची फाइल वाचायला तर आधीही कुणी हात वर करत नव्हतं.

या अर्धवट वाटणीवर रिझर्व्ह बँकेचे एआयचे कागद येऊन पडले. ऑगस्ट 2024 च्या मसुद्यात कर्ज द्यायचं की नाही ते ठरवायला वापरायच्या मॉडेलला, म्हणजे हिशोब करणाऱ्या प्रोग्रॅमला, मंडळानं मंजूर केलेलं धोरण हवं म्हटलं, मॉडेल बाहेरून विकत आणलं असलं तरी. ऑगस्ट 2025 चा समितीचा अहवाल त्याहून मोठा, 7 सूत्रं, 26 शिफारशी, त्यातही मंडळमंजूर एआय धोरण आहेच. त्यासाठी 612 संस्थांना विचारलं, 127 जणांनी एआय वापरतो किंवा बनवतोय असं सांगितलं, सगळ्यात लहान गटातल्या अर्बन बँकांमधून मात्र एकही नाही. मला ते शून्य जरा जड जातं. विकत घेतलेल्या पॅकेजमध्ये नाव जुळवणारं, फोटो तपासणारं काय काय येतं, ते एआय म्हणायचं का हे घेणाऱ्यालाच माहीत नसतं, मग सांगणार काय? त्यात 2023 चे आयटी आउटसोर्सिंगचे नियम टियर 1 आणि 2 च्या, म्हणजे ठेवींच्या मानानं लहान गटांतल्या, अर्बन बँकांना लागूच केले नव्हते. 'काम बाहेर दिलं तरी जबाबदारी तुमचीच' हे वाक्य जिथं जास्त गरजेचं तिथंच पोचलं नाही. बँकेचा परवाना नसलेल्या सौहार्द संस्था आणि पतसंस्था तर या नियामकाच्या पुस्तकातच नाहीत.

आपल्याकडं याचा त्रास कुठं होतो ते बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजूला बघा. पहाणी (कर्नाटकातला सातबारा) कन्नडमध्ये, आधार कन्नड-इंग्रजीत, सोसायटीचं जुनं पासबुक मराठीत. पहाणीवर परशुराम यल्लप्पा, पासबुकात परशराम यल्लाप्पा, इंग्रजीत आणि तिसरंच. आमच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याच्या कर्जाच्या फाइलला सॉफ्टवेअरनं नाव जुळत नाही म्हणून लाल खूण केली आणि फाइल तीन आठवडे पडून राहिली. शाखेतला शिपाईसुद्धा त्याला नावानं हाक मारतो! मॅनेजर म्हणाला, "मशीन नको म्हणालंय, आम्ही काय करायचं सांगा की." संचालकाला विचारलं तर ते व्यवस्थापन मंडळाचं काम, तिकडं विचारलं तर कंपनीला मेल केलाय. शेवटी क्लार्कनं हातानं ओव्हरराइड मारून, म्हणजे मशीनचा नकार बाजूला सारून, पास केली, आणि कुणाच्या अधिकारात मारला त्याची नोंद कुठल्याच मंडळाच्या प्रोसीडिंगमध्ये नाही.