मधुमेही पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव : पार्श्वभूमी

मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) उगवलेल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या की व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्याच्या पोकळीतला जेलीसारखा काचद्रव काढण्याची शस्त्रक्रिया, करून डोळ्यात साचलेले रक्त काढतात. पण त्याच शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात पुन्हा रक्त उतरण्याची अडचण १९७० च्या दशकापासून चालत आलेली आहे. सुरुवातीला डोळ्यातील द्रवाचा दाब वाढवून रक्त थोपवणे आणि वाहिन्या जाळणे एवढेच हाती होते. पुढे डोळ्याच्या आतूनच लेसर देता येऊ लागला.

खरा बदल घडला तो बेव्हॅसिझुमॅबमुळे. आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध पुढच्याच वर्षी डोळ्यात टोचले जाऊ लागले. शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी दिल्यास नव्या वाहिन्या आक्रसतात आणि पडद्यावरचे पापुद्रे सोडवताना रक्त कमी येते. डोळ्यासाठी मात्र त्याला परवाना नव्हता. १०० मिलिग्रॅमच्या कुपीतून १.२५ मिलिग्रॅमचे डोस भरले जात, त्यामुळे जंतुसंसर्गाची धास्ती कायम असे. गुजरातेत काही रुग्णांना त्रास झाल्यावर जानेवारी २०१६ मध्ये भारतात डोळ्यासाठी त्याचा वापर थांबवण्याची सूचना निघाली आणि मार्चमध्ये ती मागे घेण्यात आली. दोष औषधाचा की डोस भरण्याच्या पद्धतीचा, हे आधी तपासून मग सूचना काढली असती तर बरे झाले असते.

इंजेक्शनचा नेमका लाभ किती, हा वाद मात्र बराचसा 'रक्तस्राव' या शब्दातच अडकलेला आहे. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर रुग्णाला समोर लालसर धूर दिसतो आणि डॉक्टरांचा हात हललेला तेवढा कळतो. हे रक्त नवे, की कडेच्या काचद्रवात अडकून राहिलेले जुनेच पोकळीत सुटलेले, हे त्या दिवशी सांगणे अवघड असते, तरी त्याची नोंद 'लवकरचा रक्तस्राव' अशीच होते. डोळा एकदा स्वच्छ होऊन काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी रक्त आले तर तो 'उशिराचा'. त्यामागे अपुरा लेसर असू शकतो, किंवा उपकरणे आत घातलेल्या छिद्रांपाशी वाढलेल्या नव्या वाहिन्या. सीमारेषा बहुधा चार आठवड्यांची धरतात, पण सगळेच अभ्यास ती पाळत नाहीत. लवकरच्या रक्तस्रावात इंजेक्शनचा लाभ वारंवार दिसला आहे. उशिराच्या बाबतीत तो तितका स्पष्ट नाही, आणि दोन्ही एकत्र मोजले की निष्कर्ष धूसर होतो.

इंजेक्शनला दुसरी बाजूही आहे. वाहिन्या आक्रसताना पापुद्रेही ताठरतात आणि आधीच ओढला गेलेला पडदा आणखी सुटू शकतो; शल्यविशारदांच्या बोलीत याला 'क्रंच' म्हणतात. म्हणून इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया यांत फार दिवस जाऊ देत नाहीत. आपल्याकडे गाडी अडते ती इथेच : इंजेक्शन देऊन होते, दाखल होण्याच्या दिवशी साखर तीनशेच्या वर निघते, भूलतज्ज्ञ नकार देतात आणि तारीख पुढे जाते. त्यामुळे साखर, रक्तदाब आणि भूलतज्ज्ञांची संमती आधी आणि इंजेक्शन नंतर, असा क्रम आता अनेक ठिकाणी पाळला जातो.