संशोधनाचं स्वातंत्र्य आणि कंपनीला मिळालेली मोकळीक

पन्नासेक वर्षांनंतरचा एखादा समाज डोळ्यांसमोर आणा. प्रयोगशाळा कंपन्यांच्या, औषधांच्या चाचण्या त्याच घेणार, अहवालही त्याच तपासणार. 'विज्ञानाला मोकळं सोडा' म्हणत सरकारने परवानग्यांची कटकटच काढून टाकलेली. विज्ञान स्वतंत्र झालं, असं तिथे सगळे म्हणतील. मला वाटतं, विज्ञान इतकं परतंत्र कधीच झालेलं नसेल. मोकळी झालेली असेल ती कंपनी, आणि या दोन गोष्टींची गल्लत आपण आजच करू लागलो आहोत.

गल्लत होणं साहजिक आहे. दोन्हीकडे हुशार माणसं, महागडी यंत्रं आणि 'आम्हाला अडवू नका' हीच मागणी. फरक कळतो तो निकाल मनाविरुद्ध लागल्यावर. संशोधक स्वतंत्र असेल तर नकोसा निकालही छापतो. मोकळीक कंपनीला असेल तर तोच निकाल कपाटात जातो.

बेटी डाँग यांचं प्रकरण पाहा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत त्यांनी थायरॉइडवरच्या 'सिंथ्रॉइड' या महागड्या गोळीची इतर गोळ्यांशी तुलना केली. पैसा सिंथ्रॉइडच्याच कंपनीचा. १९९० मध्ये काम संपलं आणि स्वस्त गोळ्याही तितक्याच गुणकारी निघाल्या. पण कंपनीच्या लेखी संमतीशिवाय काहीही छापायचं नाही, असं कलम करारात होतं. जानेवारी १९९५ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात येणारा लेख ऐनवेळी मागे घ्यावा लागला. तो प्रसिद्ध झाला १९९७ मध्ये. प्रयोग चोख होता, संशोधक प्रामाणिक होत्या, तरी सही झालेल्या एका कलमापुढे दोन्हींचं काही चाललं नाही.

शिसंमिश्रित पेट्रोलचंही तेच. त्याच्या आरोग्यावरील परिणामांचं संशोधन कित्येक दशकं मुख्यतः उद्योगाच्याच पैशावर चाललं. अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये वातावरणातल्या शिशाविषयी धोक्याचा इशारा दिला. जगभरातल्या गाड्यांतून हे पेट्रोल पुरतं जायला २०२१ उजाडलं.

मग स्वातंत्र्य म्हणजे वाटेल ते करायची मुभा का? उलट, थांबण्याची ताकदही त्यातच येते. जनुकं जोडण्याचं तंत्र हाती आल्यावर जीवरसायनशास्त्रज्ञ पॉल बर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये काही प्रयोग तूर्त थांबवा, असं जाहीर आवाहन केलं. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला जमून शास्त्रज्ञांनी सुरक्षिततेचे नियम ठरवले आणि मगच काम पुढे नेलं. तेव्हा त्या तंत्रावर कुणाची विक्री अडून बसलेली नव्हती, हे विसरू नये. याच तंत्रावर उभी राहिलेली जेनेन्टेक ही कंपनी १९७६ मध्ये निघाली. १९८० मध्ये तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्ती यांनी घडवलेल्या जिवाणूवर पेटंट मिळू शकतं, असा निर्णय दिला. त्यानंतर थांबण्याची किंमत रुपया-डॉलरमध्ये मोजता येऊ लागली.

कंपनीचा पैसा वाईट, असं माझं म्हणणं नाही. त्याच्याशिवाय अनेक औषधं आलीच नसती. मात्र करार पाहताना रकमेआधी छापण्याचा अधिकार कुणाकडे आहे ते पाहावं. आणि चाचणी आधी नोंदवा, निकाल काहीही लागो, तो जाहीर करा, अशी सक्ती करणारे कायदे जपावेत. अमेरिकेत २००७ च्या कायद्याने बऱ्याच चाचण्यांना ती लागू केली. 'विज्ञानातले अडथळे' म्हणून उद्या सगळ्यात आधी हटवले जातील ते हेच कायदे.