मिनीव्हॅनच्या टायरमधील हवेचा दाब

कौटुंबिक मिनीव्हॅनच्या टायरमध्ये, टायर थंड असताना, किती दाबाने हवा असावी हे त्या वाहनाचा उत्पादक ठरवून देतो आणि त्या आकड्यालाच योग्य दाब मानले जाते. तो पौंड प्रति चौरस इंच (पीएसआय), किलोपास्कल किंवा बार या एककांत सांगतात. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, अर्थात सुमारे १४.५ पीएसआय. बऱ्याच मिनीव्हॅनसाठी हा दाब ३३ ते ३६ पीएसआयच्या दरम्यान असतो, पण हा ढोबळ अंदाज झाला. आपल्या गाडीचा आकडा गाडीवरच वाचावा लागतो. चालकाचे दार उघडले की दाराच्या चौकटीवर चिकटवलेली एक छोटी पट्टी दिसते. तिच्यावर टायरचा मूळ आकार आणि पुढच्या व मागच्या चाकांचा दाब छापलेला असतो. काही गाड्यांत ही पट्टी इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असते, आणि वाहनाच्या माहितीपुस्तिकेत तर हे आकडे असतातच.

गफलत होते ती टायरवर उमटवलेल्या आकड्यामुळे. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत ४४ किंवा ५१ पीएसआय असा कमाल दाब लिहिलेला असतो आणि पुष्कळजण तोच भरायचा दाब समजतात. वास्तविक ती टायरची मर्यादा आहे. तोच टायर हलक्या मोटारीलाही बसतो आणि जड व्हॅनलाही, त्यामुळे तो कोणत्या गाडीखाली किती वजन पेलणार आहे हे टायर बनवणाऱ्याला ठाऊक नसते. ते गाडी बनवणाऱ्याला ठाऊक असते.

गाडीचे वजन मुख्यतः टायरमधली दाबलेली हवा पेलते, रबर नव्हे. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतात, त्या वाकण्याने उष्णता साठते आणि वेग, ओझे व कडक ऊन एकत्र आले तर आतले थर सुटून टायर फुटू शकतो. शिवाय दोन्ही कडा लवकर झिजतात आणि इंधन जास्त लागते. हवा जास्त झाली तर झीज मधल्या पट्ट्यात होते, गाडी दणके देते आणि रस्त्यावरची पकड घटते. मिनीव्हॅनच्या बाबतीत कमी हवेचा धोका अधिक, कारण तिच्यावरचा भार फार बदलतो. एरवी चालक आणि एखादे मूल घेऊन फिरणारी हीच गाडी सुटीत सात माणसे घेऊन निघते. माणशी ७० किलोग्रॅम धरले तरी ४९० किलोग्रॅम झाले, सामान वेगळेच. तिसऱ्या रांगेच्या मागे रचलेल्या बॅगा मागच्या आसाच्याही पलीकडे असल्याने तरफेच्या न्यायाने मागच्या चाकांवर त्यांच्या स्वतःच्या वजनापेक्षा थोडा जास्तच भार येतो. काही उत्पादक म्हणूनच भरलेल्या गाडीसाठी वेगळा, मागच्या चाकांना वाढीव दाब देतात. पट्टीवर एकच आकडा असेल तर तो पूर्ण भार धरूनच दिलेला असतो.

‘थंड’ या शब्दाला येथे नेमका अर्थ आहे: गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा संथ वेगाने दीड किलोमीटरपेक्षा कमी चाललेली असावी. चालल्यावर टायर तापतो आणि दाब सहज ४ पीएसआयने चढतो. समजा पट्टीवर ३५ आहे, लांबच्या प्रवासात मध्येच तपासल्यावर गेजवर ३९ दिसले आणि चालकाने ‘जास्त झाली’ म्हणून ४ पीएसआय हवा सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टायरमध्ये जेमतेम ३१ उरते. तापलेल्या टायरमधली हवा म्हणूनच कधी सोडू नये. हवामानाचा परिणामही याच जातीचा आहे. तापमान १० अंश सेल्सियसने उतरले की दाब सुमारे दीड ते पावणेदोन पीएसआयने घटतो. ३० अंशांत ३५ पीएसआय भरलेली गाडी ५ अंशांच्या पहाटे ३१ च्या आसपास दाखवते, आणि त्यासाठी पंक्चर असण्याची गरज नसते.

तपासणी महिन्यातून एकदा आणि मोठ्या प्रवासापूर्वी करावी, कारण धडधाकट टायरमधूनही महिन्याला साधारण १ पीएसआय हवा झिरपते. नजरेवर विसंबण्यात अर्थ नाही. रेडियल टायर, म्हणजे आजच्या मोटारींना असतो तो नेहमीचा प्रकार, पुरेशी हवा असतानाही खाली थोडा फुगलेला दिसतो. व्हॉल्व्हचे टोपण काढून गेज सरळ, घट्ट दाबावे. फुसफुस ऐकू येत राहिली तर गेज नीट बसलेले नाही आणि आकडा कमी येतो.

डॅशबोर्डवरचा इशारादिवाही याला पर्याय नाही. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या वाहनांत दाब-निरीक्षण यंत्रणा बंधनकारक झाली, मात्र तिथल्या नियमानुसार दाब २५ टक्क्यांनी उतरला की दिवा लागणे पुरेसे आहे. ३५ पीएसआयच्या टायरसाठी हा उंबरठा सुमारे २६ होतो. २८ वर भरलेल्या गाडीने निघालेल्या कुटुंबाला असा दिवा काहीच सांगणार नाही.

टायरचा आकार बदलला तर पट्टीवरचा आकडा जसाच्या तसा लागू पडत नाही. नव्या टायरचा भार-निर्देशांक, म्हणजे एक टायर किती वजन पेलू शकतो हे सांगणारा क्रमांक, मूळ टायरइतका तरी असावा: १०२ म्हणजे प्रत्येक टायरला ८५० किलोग्रॅम, तर ९९ म्हणजे ७७५. जादा भाराचा, ‘एक्सएल’ टायर बसवला तरी त्याची वाढीव क्षमता वाढीव दाबालाच मिळते. पुढचे-मागचे दाब वेगळे असतील तर चाकांची अदलाबदल केल्यावर हवा पुन्हा जुळवावी लागते. तात्पुरत्या वापराच्या अरुंद स्टेपनीला बहुधा ६० पीएसआय लागतात, आणि ती गाडीच्या पोटाखाली किंवा फरशीखाली दडलेली असल्याने तिची हवा पाहायची सर्वांत जास्त वेळा राहून जाते.