ओळ संपवायची कोणी?

पायथॉन ही संगणकाची भाषा शिकायला लागलेल्या मुलांना चांदण्यांचा त्रिकोण काढायला सांगितला, की बहुतेकांच्या पडद्यावर त्रिकोणाऐवजी चांदण्यांची एकच उभी रांग येते. "सर, ह्या शेजारी शेजारी का येईनात?" हा प्रश्न कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासमध्येही येतो आणि कॉलेजच्या लॅबमध्येही. त्यावर फळ्यावर एंड="" लिहून दिले जाते, मुले ते पाठ करतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. मला हे उत्तर फार अपुरे वाटते. ओळ आपोआप संपत नसते. कोणीतरी तशी खूण पाठवते, म्हणून ती संपते. ही खूण पाठवायची जबाबदारी कोणाची, याचा निर्णय यंत्रांनी आणि भाषांनी वेळोवेळी बदलला आहे.

टायपिंगच्या मराठी ३०, इंग्रजी ४० च्या परीक्षा दिलेल्या पिढीला टाइपरायटर आठवत असेल. ओळ संपत आल्याची घंटा वाजली की डाव्या बाजूची दांडी ढकलायची. त्या एका हालचालीत दोन कामे होत: रूळ फिरून कागद एक ओळ वर सरके आणि कॅरेज उजवीकडे जाऊन नव्या ओळीचा आरंभ समोर येई. माणसाच्या हाताला ही दोन कामे वेगळी जाणवतही नसत. तारेवरून अक्षरे पाठवणाऱ्या यंत्रांना मात्र त्यांची फोड करावी लागली. न्यूझीलंडचे डोनाल्ड मरे यांनी १९०१ च्या सुमारास बोदो यांच्या तारसंकेतात सुधारणा केली, तेव्हा कॅरेज मागे नेण्याचा एक संकेत आणि कागद वर सरकवण्याचा दुसरा, असे दोन स्वतंत्र संकेत त्यात आले. पुढे १९६३ च्या आस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात कागद सरकवण्याला १० आणि कॅरेज परत नेण्याला १३ हे क्रमांक मिळाले. आजही तेच चालतात.

त्या काळातले टेलिटाइप मॉडेल ३३ हे तारेवरून आलेला मजकूर छापणारे यंत्र सेकंदाला १० अक्षरे छापत असे. ओळीच्या टोकाकडून आरंभाकडे परतायला त्याच्या छपाईच्या डोक्याला एका अक्षराच्या वेळेहून जास्त वेळ लागे. म्हणून आधी १३ आणि मग १० पाठवायची पद्धत पडली. दुसरा संकेत पोहोचेपर्यंत डोके जागेवर येई. म्हणजे यंत्राच्या संथपणातून एक रीत जन्मली आणि यंत्र गेल्यावरही ती राहिली. सीपी/एम या कार्यप्रणालीने ती जशीच्या तशी ठेवली, तिच्याकडून १९८१ साली एमएस-डॉसने घेतली आणि तिथून ती विंडोजमध्ये आली. मल्टिक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीच्या कर्त्यांनी वेगळा विचार केला. मजकुरात एकच खूण, क्रमांक १०, ठेवायची. कोणत्या यंत्राला काय लागते ते ते यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, म्हणजे ड्रायव्हरने, बघायचे. युनिक्सने हाच मार्ग धरला, त्यामुळे लिनक्सवरही तोच आहे. जुन्या मॅकिंटॉशने एकटा १३ वापरला. लिनक्सवर लिहिलेली फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडल्यावर सगळा मजकूर एकाच ओळीत दिसायचा, तो या मतभेदामुळे. नोटपॅडमध्ये ही दुरुस्ती व्हायला २०१८ साल उजाडले.

भाषांचा इतिहास मला याहून महत्त्वाचा वाटतो, कारण शिकणाऱ्याची गाठ भाषेशी पडते. फोरट्रानमध्ये छापायच्या ओळीचे पहिले अक्षर छापले जात नसे, तो प्रिंटरला हुकूम असे: कोरी जागा म्हणजे पुढची ओळ, ० म्हणजे एक ओळ सोडून, १ म्हणजे नवे पान, अधिक चिन्ह म्हणजे त्याच ओळीवर पुन्हा. १९६४ च्या बेसिकमध्ये प्रिंट ही छापायची आज्ञा स्वतःच ओळ संपवे. शेवटी अर्धविराम दिला तर पुढचे अक्षर लगेच चिकटून येई, स्वल्पविराम दिला तर पुढच्या ठरलेल्या रकान्यात जाई. पास्कलने राइट आणि राइटएलएन अशा दोन आज्ञा दिल्या. जावाची प्रिंट आणि प्रिंटएलएन ही जोडी त्याच वळणाची आहे.

सी भाषेने आपणहून काहीच करायचे नाही असे ठरवले. प्रिंटएफ या तिच्या छापायच्या आज्ञेला सांगाल तेवढेच ते छापते. ओळ संपवायची असेल तर अवतरणात \एन तुम्हीच लिहायचे. टर्बो सीवर शिकलेल्यांना ते विसरल्यावर सगळे उत्तर एका ओळीत गोळा झालेले आठवेल. माझ्या मते नवशिक्यासाठी हीच सर्वांत प्रामाणिक रचना आहे, कारण ओळीचा शेवट हेही एक अक्षर आहे, हे त्यात डोळ्यांना दिसते.

पायथॉन २ मध्ये प्रिंट ओळ संपवायचे आणि शेवटी स्वल्पविराम दिल्यास ओळ न संपवता मध्ये कोरी जागा सोडायचे. ती कोरी जागाही नको असेल तर वेगळी आज्ञा शोधावी लागे. ३ डिसेंबर २००८ रोजी आलेल्या पायथॉन ३ मध्ये प्रिंट हे फंक्शन झाले आणि दोन्ही निर्णय उघडपणे लिहायची सोय झाली. दोन गोष्टींच्या मध्ये काय यावे ते सेप सांगते, सगळ्याच्या शेवटी काय यावे ते एंड सांगते. काहीच सांगितले नाही तर सेप म्हणजे एक कोरी जागा आणि एंड म्हणजे \एन. त्रिकोणातल्या चांदण्या एकाखाली एक येतात त्या या न लिहिलेल्या \एनमुळे. चांदण्या पुन्हा पुन्हा छापणाऱ्या आतल्या लूपमध्ये एंड="" द्यायचे आणि प्रत्येक ओळीनंतर नुसते रिकामे प्रिंट() लिहायचे, म्हणजे ओळ संपवायची खूण जिथे हवी तिथेच जाते.

एंडमध्ये \आर दिले तर १३ क्रमांकाची खूण जाते. कर्सर त्याच ओळीच्या आरंभी येतो आणि पुढची छपाई आधीच्या अक्षरांवर होते. पडद्यावर जागच्या जागी बदलणारे टक्के असेच दाखवतात. मात्र ओळ संपेपर्यंत मजकूर अडवून ठेवायची टर्मिनलवरच्या छपाईची पद्धत असल्याने ते टक्के कधी कधी दिसतच नाहीत. त्यासाठी पायथॉन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, अडवलेला मजकूर लगेच पाठवायला लावणारे फ्लश=ट्रू देता येते.

मराठीत काम करणाऱ्यांची एक अडचण मात्र या सोयींनी सुटलेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या १२ तालुक्यांची यादी रकान्यात छापून पाहा. पायथॉन लांबी मोजतो ती युनिकोडच्या खुणांची; त्यात काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त या प्रत्येकाची वेगळी खूण असते. 'कागल' त्याच्या लेखी ४ आणि डोळ्याला ३ अक्षरे. 'गडहिंग्लज' त्याच्या लेखी ९ आणि डोळ्याला ५. दोन्ही नावे १२ जागांपर्यंत भरली तर कागलपुढे ८ कोऱ्या जागा पडतात, गडहिंग्लजपुढे ३, आणि पुढचा रकाना वाकडा होतो. त्यात देवनागरी अक्षरांची रुंदीही सारखी नसते. म्हणून अशा यादीसाठी मी मुलांना जागा मोजायला सांगत नाही. सेपमध्ये \टी, म्हणजे टॅबची खूण, देऊन मजकूर फाइलमध्ये लिहा आणि ती स्प्रेडशीटमध्ये उघडा, एवढेच सांगतो.