औषधगतिकी आणि नवऔषधशोध

औषध शरीरात गेल्यावर त्याचे शोषण, वितरण, चयापचय व उत्सर्जन कोणत्या वेगाने होते, याचा अभ्यास म्हणजे औषधगतिकी. शिरपूर, धुळे, जळगावकडच्या फार्मसीच्या वर्गांत तिचे चालते नाव ‘पीके’ (इंग्रजी ‘फार्माकोकायनेटिक्स’चे लघुरूप). एखादा रेणू किती प्रमाणात परिणाम करतो, हे प्रयोगशालेय चाचणीतून कळते. तेवढे प्रमाण रक्तात येते का व किती तास टिकते, हे पीके सांगते.

उगम : ही संज्ञा जर्मन बालरोगतज्ज्ञ एफ. एच. डोस्ट यांनी १९५३ मध्ये रूढ केली, असे सामान्यतः मानतात. विषयाच्या जनकत्वाबद्दल मात्र एकमत नाही. बहुतेक ग्रंथ स्वीडिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ टॉर्स्टेन टेओरेल यांच्या १९३७ मधील दोन लेखांना मान देतात. तथापि स्वीडनमध्येच विडमार्क व टँडबर्ग यांनी १९२४ मध्ये, शरीर हा औषध सर्वत्र सारखे पसरणारा एकच कप्पा धरून, पुनःपुन्हा दिलेल्या मात्रेचे गणित मांडले होते. टेओरेल यांनी रक्त व ऊती वेगळ्या धरल्या. आजची गणिती प्रतिमाने याच वाटेने गेली असल्याने त्यांचा दावा अधिक सबळ वाटतो. त्यांचे लेख पुढे बरीच वर्षे दुर्लक्षित राहिले, हेही खरे.

चाचणीशी सांगड : चाचणी व पीके या दोन्हींचे आकडे एकाच मापात आणावे लागतात. रेणुभार ४०० असेल, तर चाचणीतले १ मायक्रोमोलार म्हणजे रक्तातले मिलिलिटरला ४०० नॅनोग्रॅम. रक्तद्रवात नेमके तेवढेच सापडले तरी त्यातले ९९ टक्के प्रथिनांना चिकटलेले असेल, तर मोकळे ४ नॅनोग्रॅमच उरते. आणि काम मोकळ्याचेच. रक्तात पुरेसे औषध येईल का, याचा अंदाज घेण्यासाठी यकृताच्या सूक्ष्मकायांत (औषध मोडणारी विकरे असलेल्या पेशीकणांत) रेणू किती टिकतो आणि आतड्याच्या अस्तराऐवजी वापरल्या जाणाऱ्या कॅको-२ पेशींच्या थरातून किती पार जातो, हे प्राण्यांवरील प्रयोगाआधी पाहतात. त्यानंतर उंदीर. २५० ग्रॅमच्या विस्टार उंदरात रक्त जेमतेम १६ मिलिलिटर. दर वेळी ०.२ मिलिलिटर घेतले, तरी आठ वेळांत दहावा हिस्सा जातो. त्यामुळे रक्त कधी काढायचे, याचे वेळापत्रक आधीच ठरवतात.

१९८८ मधील एका आढाव्यात ब्रिटनमधील कंपन्यांच्या विकसनातून गळालेल्या रेणूंपैकी सुमारे ३९ टक्के सदोष गतिकीमुळे गळाल्याचे नोंदले आहे. जंतुविरोधी औषधे वगळली, तर हा वाटा सुमारे ७ टक्क्यांवर येतो, असे १९९७ मध्ये केनेडी यांनी दाखवले. पाठ्यपुस्तके पहिलाच आकडा देतात. दुसरा सोबत वाचावा.

उदाहरण : हळदीतील कर्क्युमिन. प्रकाश पडला की ते स्वतः चकाकते, अनेक प्रथिनांशी जुळते. त्यामुळे चाचणीत फसवा प्रतिसाद देते. पोटातून दिले, तर रक्तात जवळजवळ दिसत नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळूरच्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतील पायपरिन २० मिलिग्रॅम दिल्यावर माणसांत जैवउपलब्धता (रक्तात पोहोचणारा हिस्सा) २,००० टक्क्यांनी वाढली. मुळात ती नगण्य होती, हे विसरू नये. खानदेशी काळ्या मसाल्याच्या रश्श्यात हळद व मिरी एकत्र असतात खऱ्या. पण हळदीत कर्क्युमिन ३ टक्के धरले, तर २ ग्रॅमसाठी ६५ ग्रॅमहून अधिक पूड लागेल.

खानदेशात : जळगावचे विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले, शिरपूरची आर. सी. पटेल औषधनिर्माण संस्था १९९२ ची.